जादा तार

मायाप्पा साचेवाल्याला बहिरा म्हणणारे लोक स्वतःच आंधळे होते, असं खुशाल समजा. ऐकू कमी यायचं त्याला, हे खरं. पण समोरचा माणूस काय बोलतोय आणि काय गिळून बसलाय, हे त्याला नुसत्या तोंडाकडे बघून कळायचं. बाजाराच्या या टोकाला उभा राहून त्या टोकाची कुचाळकी वाचणारा गडी! "मायाप्पा आला, तोंडं झाका गं," असं म्हणत बायका खिदळायच्या नि पदर ओठांवर घ्यायच्या. तेव्हा ती चेष्टा होती. पुढं एका नाताळाच्या दिवसांत चर्चच्या साऱ्या मंडळीनं खरोखरच त्याच्यासमोर तोंडं झाकली, आणि तेव्हा हसत मात्र कुणी नव्हतं.

सोलापूरच्या मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे जिथं माग चालतात तिथं, तो मिसरूड फुटायच्या आधी लागला. तिथं एकदा माग खडाडू लागले की शेजारच्याच्या कानात ओरडलात तरी त्याला पत्ता लागत नाही. म्हणून तिथली माणसं बिनआवाजाचं बोलतात. ओठ तेवढे हलवायचे, सावकाश, तोंड भरून. समोरचा बघून ओळखतो. गाऱ्हाणी, शिव्या, सोयरिकी, सगळं मुक्यानं. मायाप्पा या विद्येत असा तरबेज झाला की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, लांबूनसुद्धा त्याला काही बोलायला बिचकायचा. पण साचे ही विद्या फुकट देत नाहीत. पंचविशीच्या आत त्याचे कान गेले. अगदीच ठार नाही. मिलचा भोंगा कळायचा, ढोल कळायचा. माणसाचा आवाज मात्र नुसती लांबची घरघर, त्यात बाई कुठली नि बाप्या कुठला हेही उमगायचं नाही.

लग्न झालं ते त्यानंतर. बायको अक्कलकोटकडची, सुंदरम्मा, याच्यासारखीच मिशनातल्या, म्हणजे ख्रिस्ती घरातली. नव्या नवरीनं बोलावं आणि यानं तिच्या ओठांकडे टक लावून बघावं. तिला आधी वाटलं, नवरा भारीच प्रेमळ मिळाला! मग उलगडा झाला. बाई हुशार. तिनं आवाज बाजूला ठेवला आणि नवऱ्याशी नुसतं ओठांनी बोलायला शिकली; त्याचे ओठ वाचायलाही शिकली. जो पोचतच नाही तो आवाज कशाला शिणवायचा? हाक मारायची असेल तर मागून येऊन त्याच्या खांद्यावर दोन बोटं दोनदा टेकवायची. शेजारी म्हणायचे, ह्यांच्या घरात भांडणंसुद्धा मुकी. आणि भांडणं व्हायची बरं का! सुंदरम्मा काही गरीब गाय नव्हती.

आवाज ती एकाच ठिकाणी वापरायची. मिलच्या भिंतीला लागून जो रस्ता जातो, त्याच्या पलीकडे चर्च होतं. तिथल्या गायनमंडळात बायकांच्या रांगेत डावीकडून दुसरी जागा तिची. मायाप्पा पुढच्या बाकावर बसायचा, आणि ती त्याच्याकडे तोंड करून गायची. शब्द न् शब्द त्याला वाचता यावा म्हणून तोंड एवढं मोठं करायची, स्वर असा भरून लांबवायची की मंडळाला गाणं शिकवणारे, श्रीमंत नावाचे मास्तर वैतागायचे. "बाई, गाताय की जांभई देताय?" असं ते तिला चारचौघांत म्हणाले होते. ती नुसती हसली आणि पुढच्या रविवारी तितकंच मोठं तोंड करून गायली.

मायाप्पाला अख्खं गीत मिळायचं. एकच राहायचं. "समदं दिसतंय गं," तो तिला म्हणायचा, "पर तुझा आवाज कसा हाय त्ये एकदा तरी कळाया पायजे हुतं." ती ओठांनीच उत्तर द्यायची, "कावळ्यावानी हाय. बरं झालं ऐकू येत न्हाय त्ये." आणि वर डोळे मिचकावायची.

मग ती गेली. साधा ताप आला आणि आठवडा संपायच्या आत गेली. मायाप्पानं काम सोडलं नाही, जेवण सोडलं नाही, पण चर्चला जायचं सोडलं. जाऊन बघायचं कुणाचं तोंड? रविवारी तो कबरस्थानाच्या भिंतीवर जाऊन बसायचा, आणि एकटाच ओठ हलवत असायचा. लोक म्हणू लागले, याचं डोकं फिरलं. सुंदरम्माची धाकटी बहीण कस्तुराबाई तेवढी त्याला भाकरी-चटणी नेऊन द्यायची. तिची माया खरी.

अशी दोन वर्षं गेली आणि चर्चमध्ये ते यंत्र आलं. पुण्याची एक मिशनरी बाई मायदेशी परत चालली होती, तिनं जाताना इथल्या मंडळीला देऊन टाकलं. एक लाकडी पेटारा, त्यात काचेचे दिवे, मोटारीची बॅटरी, पितळी तोंडाचा एक भलामोठा कर्णा, दोन मायक्रोफोन, आणि कानाला लावायची दोन काळी भोकरं एका पट्टीवर बसवलेली, हेडफोन. मंडळी वाढली होती, निम्मे लोक बाहेर लिंबाखाली बसायचे, आणि मिलच्या खडखडाटात त्यांना गायन ऐकूच जायचं नाही. कर्णा लिंबावर बांधायचा असं ठरलं. पण यंत्राला हात लावायला कुणी धजेना. चर्चचे पाळक, म्हणजे पाद्री, रेवणप्पा स्वतः चालत मायाप्पाच्या घरी गेले. "तू साचे हाकलेस बाबा, हा एवढासा पेटारा तुला काय जड आहे?" म्हणाले. मायाप्पा आला तो यंत्र बघायला. देवाला भेटायला नव्हे.

सभांना कर्णे लावणारा एक ओळखीचा माणूस होता, त्यानं दोन दिवस येऊन सगळं दाखवलं. मग मायाप्पानं ती भोकरं कानामागच्या हाडावर दाबून धरली, पेटाऱ्याचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं, आणि समोर मायक्रोफोनपाशी उभी असलेली कस्तुराबाई म्हणाली, "दाजी, ऐकू येतंय का ओ?"

आलं की! बाईचा आवाज. बारीक, थोडा चिरका, शेवटी वर चढणारा. ओठ हलले तसा हलणारा. मायाप्पा जमिनीवर फतकल मारून बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. तिथं असलेल्या सगळ्यांचे डोळे भरून आले. कस्तुराबाईनं त्या दिवसापासून त्या भोकरांना "दाजींची कर्णफुलं" म्हणायला सुरुवात केली, आणि कर्णफुलं घातल्यावर दाजी माणसात आले हे सगळ्यांनी पाहिलं.

आता दोन मायक्रोफोनांतला घ्यायचा कुठला? नवा होता तो बारका, चकचकीत. आवाज स्वच्छ, पण मवाळ. जुना होता तो ताटलीएवढा, कड्यात चार स्प्रिंगांवर टांगलेला, पोटात कोळशाची बारीक पूड भरलेला. तो कढईत तेल तडतडावं तसा सारखा खरखरायचा. पूड घट्ट बसली की मुका व्हायचा, मग बोटानं टिचक्या मारून मोकळा करावा लागायचा. मास्तर म्हणाले नवा घ्या. पाळक म्हणाले नवा घ्या. मायाप्पा म्हणाला, "जुना जोरकस हाय, त्योच बरा." खरी गोष्ट अशी की नव्यातून त्याच्या कानांना जेमतेम कुजबुज पोचायची, आणि जुन्यातून माणसं पोचायची. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. माणसाला थोडा स्वार्थ असतोच की.

मग त्यानं गायनमंडळाला असं वेठीला धरलं की बोलायची सोय नाही. एकेकाला जुन्या मायक्रोफोनपुढं उभं करून गायला लावलं आणि त्याचं तोंड नि त्याचा आवाज यांची गाठ मारून घेतली. राजाबाई नाकातून गायची. श्रीमंत मास्तर खालच्या सुरात गाताना घसा खरवडायचे. पायपेटीचा भाता फुसफुसायचा म्हणून पेटी मागं सरकवली. दांडग्या आवाजाचे बाप्ये मागं, बायका पुढं. मायक्रोफोनची दांडी उभी केली ती बायकांच्या रांगेत, डावीकडून दुसऱ्या जागेवर. सुंदरम्मा गेल्यापासून तिथं कुणी उभं राहत नसे. रांगेत पडलेल्या दातासारखी जागा रिकामी होती. ती तशी बघवेना म्हणून त्यानं दांडी तिथं ठेवली. बास, एवढंच त्याच्या मनात होतं.

नाताळच्या गाण्यांची तालीम सुरू झाली. शनिवारची दुपार, खिडक्यांतून ऊन आत आलेलं. मायाप्पा पेटाऱ्यापाशी बसून कानात एकेक आवाज घेत होता, नि समोर त्याचं तोंड शोधत होता. ही राजाबाई. ही कस्तुरा. हे मास्तर. साचेवाला कापडावर नजर फिरवतो ना, ही तार बरोबर, ही तार बरोबर, तसंच चाललं होतं. आणि मध्येच त्याला एक जादा तार लागली.

बाईचा आवाज. भरलेला, रुंद, प्रत्येक स्वर तोंड उघडून लांब सोडणारा. अगदी जवळून, मायक्रोफोनला ओठ लावल्यासारखा. मायाप्पानं डावीकडून सुरुवात करून सगळी तोंडं वाचून काढली. या आवाजाला तोंड नव्हतं.

त्यानं हात वर केला. मास्तरांनी गाणं थांबवलं. सगळी तोंडं मिटली, पेटी थांबली. तो आवाज एक क्षण पुढं चालला आणि मग, आपण एकटेच राहिलो हे कळल्यावर माणूस थांबतं तसा, थांबला.

मायाप्पाच्या मानेवर काटा उभा राहिला. "कोण जादा गातंय?" त्यानं विचारलं. तेवढ्यात बाहेर लिंबाखाली झाडत असलेला कोंडीबा, चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा, केरसुणी तिथंच टाकून दारात आला. वरच्या कर्ण्यातून त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो पाळकांकडे गेला, मायाप्पाकडे पाठ केली, आणि तोंडावर हात धरून काहीतरी बोलला.

मायाप्पाला तोंडावर हात धरलेला खपायचा नाही. "काय म्हनला रं कोंडीबा?"

कोंडीबानं हात काढला. "न्हाय की. कायबी न्हाय."

पुढच्या तालमीला तेच. त्याच्या पुढच्या तालमीलाही तेच. मायाप्पानं एकेका बाईला गप्प बसवून पाहिलं. आवाज होता तसाच. सगळ्या बायकांना बसवून नुसत्या बाप्यांना गायला लावलं. त्या खरवडीच्या वर तो एकटा आवाज स्वच्छ उभा राहिला, आणि राजाबाई पदर तोंडात कोंबून बाहेर पळाली. टिचक्या मारल्या, वायरी बदलल्या, बॅटरी बदलली. नवा मायक्रोफोन लावला की आवाज गायब. जुना लावला की हजर. म्हणजे दोष जुन्याच्या पोटात, हे त्याला कळून चुकलं. कोळशाची पूड घट्ट बसली की आवाज तिच्यात अडकत असेल, असा त्यानं अंदाज बांधला. साचेवाला दुसरा काय अंदाज बांधणार? कापडात जादा तार आली तर साच्यात खोड असते. भुतं काढत नाहीत साच्यातून.

पण आता सगळी मंडळी त्याच्यासमोर तोंड झाकू लागली होती. तो आत आला की बोलणाऱ्या बायका पदर ओढायच्या. मास्तर रुमाल काढून तोंड पुसत पुसत बोलायचे. कस्तुराबाई भाकरी घेऊन आली की खाली मान घालून बसायची, ओठ दिसू द्यायची नाही. दोन बायका बोलताना पदराच्या कडेतून त्याला एकदा एवढंच वाचता आलं: "...त्याला न्हाय कळत?" भर दिवसा, ओळखीच्या माणसांत, मायाप्पाला एकटं वाटू लागलं आणि भीतीही वाटू लागली.

त्यानं कस्तुराबाईला सरळ विचारलं. "कस्तुरा, त्यो आवाज तूबी ऐकलास न्हवं? कुनीतरी लई मोठं तोंड करून गातंय बघ. जांभई दिल्यावानी."

कस्तुराबाईच्या हातातला तांब्या खाली पडला. तिनं पाणी पुसलं, पदर डोळ्यांना लावला आणि उठून गेली.

एकदा तालीम संपून सगळे गेले होते. उन्हं कलली होती, मिलची पाळी सुटायला अजून वेळ होता. मायाप्पानं वायरी गुंडाळायच्या आधी सवयीनं मायक्रोफोनवर बोटानं दोन टिचक्या मारल्या. कानात ठक ठक आलं. तो पेटाऱ्याकडे वळला, तर मागून पुन्हा ठक ठक. अगदी हलक्या. तो चटकन मागं वळला, कुणी खांद्याला हात लावल्यासारखा. का वळला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. चर्च रिकामं होतं. कड्यातला मायक्रोफोन स्प्रिंगांवर जरासा थरथरत होता, आणि कानात कुणीतरी गाणं सुरू करण्याआधी घेतात तसा एक लांब श्वास घेतला. मायाप्पानं हेडफोन ओरबाडून काढला आणि बटण बंद केलं.

त्याच आठवड्यात पाळक रेवणप्पांनी त्याला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण मेलेली माणसं प्रभूच्या घरी असतात, कर्ण्यात नसतात, यावर त्याचा पक्का विश्वास. त्यांनी मात्र तोंड झाकलं नाही. "मायाप्पा, नाताळच्या आधी हा दोष निघाला पाहिजे. नाहीतर पेटारा मी पुण्याला परत पाठवतो. मंडळीत असल्या गोष्टी मला नकोत."

पेटारा परत! म्हणजे कर्णफुलं परत. म्हणजे पुन्हा लांबची घरघर, पुन्हा कबरस्थानाची भिंत. "जुना बाजूला ठेवून नवा लाव," असंही पाळक म्हणाले, पण नव्यातून मायाप्पाला कुजबुजच यायची. त्याला दोन्ही हवं होतं: दोष जायला हवा आणि जोर राहायला हवा. "मी त्याला आतनं साफ करतो," तो म्हणाला. "बघाच तुमी."

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी तो लिंबाखाली पायरीवर बसला. जुन्या मायक्रोफोनचे स्क्रू काढले, पातळ पत्रा अलगद उचलला. आत काळी चमकदार पूड होती, चिमूटभर. तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं. त्यानं तो डबा उपडा करून पायरीवर आपटला, फुंकर मारली, कापडानं पुसून लख्ख केला, आणि पेटाऱ्यातल्या बारक्या डबीतली नवी पूड भरली. कोंडीबा दारात उभा राहून बघत होता. काहीतरी बोलावं असं त्याच्या मनात होतं. एकदा तोंड उघडलंही त्यानं. मग मिटलं आणि घंटेकडे निघून गेला.

संध्याकाळी मायाप्पानं कस्तुराबाईला मायक्रोफोनपुढं उभं करून पाहिलं. एक तोंड, एक आवाज. "निगाली बग जादा तार!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की कबुतरं उडाली. कस्तुराबाई हसली नाही. तिला बरं वाटत नसेल असं समजून त्यानं सोडून दिलं.

नाताळच्या सकाळी चर्चमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाहेर लिंबाखाली तर त्याहून गर्दी. मिलच्या चाळीतली, मंडळीत नसलेली माणसंसुद्धा आली होती, बायका लेकरं काखेला मारून उभ्या होत्या. सगळे कर्ण्याकडे तोंड करून. मायाप्पाला ती गर्दी बघून अभिमान वाटला. आपल्या कर्ण्यासाठी आलेत म्हणाला मनात.

गाणं सुरू झालं. त्यानं कानात एकेक आवाज घेतला. राजाबाई. कस्तुरा. मास्तर. प्रत्येक आवाजाला तोंड, प्रत्येक तोंडाला आवाज, एक तार इकडची तिकडे नाही. एवढं नितळ काम त्याच्या हातून साचेखात्यातही कधी झालं नव्हतं. त्यानं आनंदानं वर पाहिलं. आणि गायनमंडळ रडत होतं. गाता गाता, एकेक करून. राजाबाईचं तोंड वेडंवाकडं झालं होतं. श्रीमंत मास्तर पेटीवर मान खाली घालून बसले होते. दारातून बाहेर बघितलं तर लिंबाखालच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या, आणि कोंडीबा कर्ण्याखाली उभा राहून, टोपी हातात घेऊन, अजून वाट बघत होता. गाणं संपलं तरी तो तिथंच उभा होता.

उपासना सुटल्यावर कस्तुराबाई सरळ त्याच्याकडे आली. तिनं पदर ओठांवरून खाली घेतला. कितीतरी दिवसांनी तिचं तोंड त्याला पूर्ण दिसत होतं.

"दाजी, काय केलंत ओ?"

"दोष काडला."

"दोष न्हवता त्यो. अक्का हुती."

मायाप्पानं पुन्हा बोल म्हणून खूण केली. ओठ वाचण्यात त्याची चूक कधी होत नसे. आज झालेली असावी असं त्याला वाटत होतं. कस्तुराबाईनं पुन्हा सांगितलं, सावकाश, तोंड भरून, साचेखात्यात बोलतात तसं. अक्का हुती. पहिल्याच दिवशी साऱ्यांनी ओळखली. कोंडीबानं लिंबाखाली ओळखली, मास्तरांनी ओळखली. पाळकसाहेब म्हणाले, याला सांगू नका, हा पुन्हा भिंतीवर जाऊन बसेल. "आमाला आदी भ्याव वाटलं दाजी. मग न्हाय वाटलं. मग आमी समदी तिला ऐकाया यायचो. आजबी त्याचसाठी आलते समदे."

"मग मला कसं न्हाय कळलं?" तो केवढ्यानं ओरडला हे त्याला कळलं नाही. अख्खं चर्च वळून बघू लागलं.

"तुमी तिचा आवाज कवा ऐकला हुता?"

खरंच की. त्याची सुंदरम्मा म्हणजे आवाज नसलेलं तोंड. आणि कर्णफुलांत आला तो तोंड नसलेला आवाज. आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी झुरला, ती त्याच्या कानाशी येऊन गायली, आणि त्यानं तिला खोड म्हटलं. "लई मोठं तोंड करून..." तो पुटपुटला.

"व्हय," कस्तुराबाई म्हणाली. तिचे ओठ इतके थरथरत होते की त्याला वाचायला कष्ट पडले. "तुमाला दिसावं म्हनून. मेल्यावरबी ती तुमाला दिसावं म्हनूनच गात हुती."

मायाप्पा धावत लिंबाखाली गेला. पायरीवर गुडघे टेकून दोन्ही हातांनी चाचपू लागला. पण नाताळ म्हणून कोंडीबानं पहाटेच अंगण झाडलं होतं, सडा टाकला होता, वर रांगोळी काढली होती. ओल्या मातीत काळं असं काहीच नव्हतं. नुसता बाजूला ठेवला असता तरी चाललं असतं! फडताळात ठेवून दिला असता! कोंडीबा त्याच्याशेजारी येऊन बसला आणि तोही रडला. पाळक रेवणप्पा जरा लांब उभे होते. त्या दिवशी त्यांना कुणाला काही उपदेश करावासा वाटला नाही.

पुढं मायाप्पा भिंतीवर जाऊन बसला नाही. पेटारा परत गेला नाही. तोच तो सांभाळत राहिला, कान आणखी गेले तरी, केस पांढरे झाले तरी. दर रविवारी जुना मायक्रोफोन त्याच जागी, डावीकडून दुसऱ्या. कर्णफुलं हाडावर दाबून तो टिचक्या मारायचा, दोन, आणि थांबायचा. परत कधी काही आलं नाही. मग गायन सुरू झालं की तो त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून बसायचा आणि अख्खं गीत ओठांनी म्हणायचा. आवाज काढायचा नाही. तोंड मात्र एवढं मोठं करायचा की नव्या पोरी खुदखुदायच्या.

बऱ्याच वर्षांनी बदलून आलेल्या एका तरुण पाळकानं म्हाताऱ्या कस्तुराबाईला विचारलं, "हे आजोबा गात तर नाहीत, मग नुसतं तोंड का वासतात?"

"अक्कासाठी," ती म्हणाली. "तिलाबी ओठ वाचता यायचे की."